भिकनशेठ गाव दाखवतात

बुऱ्हाणपूरच्या चौकात भिकनशेठचं कापडाचं दुकान होतं, पण ते उघडं सापडणं हा गिऱ्हाइकाच्या नशिबाचा भाग. गावात कुणाकडं पाहुणा उतरला असं कळलं, की शेठ गिऱ्हाइकाच्या हातातलं धोतर काढून घेत, घडी घालून फळीवर टाकत आणि दुकानाला कुलूप लावून चालू लागत. पाहुणा कुणाचाही असो, त्याला गाव दाखवायचं ते भिकनशेठनीच. असीरगड, गडावरचं महादेवाचं देऊळ, राजघाट, तापीपलीकडची आहूखान्याची बाग, सगळं. लष्कराच्या भाकऱ्या भाजण्यात त्यांचा जन्म चालला होता. खऱ्याखुऱ्या भाकऱ्या मात्र घरी रंभाबाई आणि लेक लीला भाजत, कारण हिंडून अर्धमेला झालेला पाहुणा जेवायला शेठकडंच येई.

लीला लग्नाची झाली आणि नेमकी त्याच सुमारास राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर भोपाळच्या पदरात राहिलं आणि खानदेशातल्या सोयऱ्यांची नाकं वर झाली. रावेर ते किती लांब? गाडीत बसून पान लावावं, ते चघळून होईतो स्टेशन येतं. पण तिथले लोकही म्हणू लागले, पोरगी परराज्यातली, हिंदीवाली. याच कारणानं दोन स्थळं फिरली. तिसरं आलं ते रावेरच्याच यादवरावांचं. मुलगा वसंत पोस्टात होता, शांत होता, आणि लीलाच्या मावशीनं त्याला पाहून ठेवलं होतं. हेही हातचं गेलं तर पुढं कुठं बघायचं, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

वसंतची आई मालूबाई पंचांगाला विचारल्याशिवाय शिंकतही नसत. त्यांनी निरोप धाडला, रविवारी सकाळच्या गाडीनं येतो. दुपारनंतर अमावस्या लागते, मुलगी त्याआधी बघायची. एकदा लागली की नाही.

रंभाबाईंनी नवऱ्याला बजावलं, "हे पहा, आधी पोरगी दाखवा, मंग किल्ला. किल्ला काही भागून नाही जात."

"अगं, स्टेशनावरून सीधा घरीच आणतो," शेठ म्हणाले, आणि खरंच तसं ठरवूनच गेले.

पण यादवरावांनी गाडीतून उतरता उतरता टोला मारला. "काय शेठ, नागपूर आमच्याकडं आलं. तुमच्याकडं आता राहिलं काय?"

झालं. विस्तवावर फुंकर पडली. "काय राहिलं? चला, दाखवतोच," असं म्हणून शेठनी तिघांना असीरगडच्या मोटारीत कोंबलं.

गड चढताना मालूबाई दर वळणावर बसत होत्या आणि शेठ दर वळणावर एक बादशहा सांगत होते. देवळात पोचल्यावर पिंडीवरचं ताजं फूल दाखवून त्यांनी आवाज खाली आणला. रोज पहाटे अश्वत्थामा येतो, पूजा करतो, फूल वाहून जातो. अश्वत्थाम्याला चिरंजीव असण्याचा शाप आहे, त्यामुळं त्याला घाई नाही. शेठची गोष्टही त्याच बेतानं चालली होती. वसंतनं दोनदा हळूच विचारलं, "घरी कधी जायचं?" बिचाऱ्याला सातपुड्यात काही रस नव्हता. तो मुलगी बघायला आला होता.

गावात परत आल्यावर टांगा केला. "आता घरी ना?" मालूबाई म्हणाल्या. "घरीच. फक्त बाग वाटेतच आहे," शेठ म्हणाले. वाटेत म्हणजे कशी, तर घरावरून पुढं, घाट उतरून, नावेनं तापीपलीकडं. रंभाबाई नवं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या, मागं जरीच्या साडीत लीला. त्यांच्या डोळ्यांदेखत टांगा दारावरून गेला. शेठनी आतून हात हलवला. रंभाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

आहूखान्यात त्या दिवशी चार बाभळी आणि दोन शेळ्या होत्या, पण शेठना तिथं गुलाबच दिसत होते. बादशहाची बेगम आधी इथंच पुरली होती, तेव्हा ताजमहाल खरा इथंच व्हायचा होता, हे त्यांनी यादवरावांना पटवलं तेव्हा सावल्या लांबल्या होत्या.

घरी येऊन मालूबाईंनी पायांवर पाणी घेतलं आणि सांगून टाकलं, "आता नाही. अमावस्या लागली." भुकेनं सगळेच कासावीस झालेले. पंगत बसली. लीला आत चुलीपाशी पोळ्या लाटत राहिली. वसंतनं स्वयंपाकघराच्या दाराकडं पुन्हा पुन्हा पाहिलं. त्याला ताट पुढं सरकवणारा बांगड्यांचा हात तेवढा दिसला. निघताना यादवराव म्हणाले, "गाव मात्र झकास दाखवलंत, शेठ!" आणि शेठ खुलले. त्या माणसाला तेवढंच ऐकू आलं.

पाहुणे पुन्हा काही आले नाहीत. मग एका व्यापाऱ्याबरोबर यादवरावांचा निरोप आला. वसंतचं लग्न जळगावच्या मुलीशी झालं, जोडपं महादेवाच्या दर्शनाला येतंय, तुमच्याइतकं चांगलं कोण दाखवणार?

आणि ते यायचे त्या सकाळी शेठनी खुंटीवरची टोपी काढली! सवय ती सवय. पण दारात लीला उभी होती, तीच जरीची साडी नेसून.

"तू कुठं निघालीस?"

"तुमच्यासंग, नाना. इतकी वर्षं लोकांसाठी पोळ्या भाजल्या. एक बार मलाबी दाखवा."

शेठ बोलायला गेले आणि त्यांना आठवेना, हिला कधी नेली होती. आठवेना, कारण नेलीच नव्हती. त्यांना भयंकर लाज वाटली.

रावेरचं नवं जोडपं त्या दिवशी स्टेशनावर वाट पाहून पाहून परतीच्या गाडीनं निघून गेलं. शेठ लेकीला घेऊन गडावर होते. लीला तटावर उभी राहिली. खाली केळीचे मळे, पलीकडं सातपुडा, सगळं तिनं डोळे भरून पाहिलं. शेठनी घसा खाकरला आणि पहिल्या बादशहाला हात घातला.

"नाना," लीलानं मधेच विचारलं, "आईनं पाहिलंय हे?"

बादशहा तिथंच राहिला. शेठ टोपी हातात घेऊन खाली गावाकडं बघत बसले. तिथं रंभाबाई, आज कुणी जेवायला येणार की नाही हे न कळून, कणीक भिजवून बसल्या होत्या.