अण्णा आणि दिवडीची कविता

माझ्या सासऱ्यांना समजली नाही अशी कविता मराठीत अजून कुणी लिहिलेलीच नाही, असं खुद्द माझ्या सासऱ्यांचं मत आहे. अण्णांनी ठाण्यातल्या एका शाळेत आयुष्यभर लहान मुलांना मराठी शिकवलं. कविता समजावून सांगायची नसते, करून दाखवायची असते, हा त्यांचा बाणा निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. फरक इतकाच, की पूर्वी पसारा शाळेत व्हायचा आणि आता आमच्या कळव्याच्या घरात होतो. माझी लेक मुक्ता पहिलीत असताना कुंभाराची कविता आली, तर यांनी पिशवीभर माती आणली, टेबलफॅनची जाळी काढून तो आडवा ठेवला आणि त्यावर गाडगं घडवायला घेतलं. गाडगं काही झालं नाही, पण कविता छतापर्यंत पोचली. वाऱ्याची कविता आली तेव्हा माझी नवी चादर गच्चीवरून उडून समोरच्या बिल्डिंगच्या डिशला जाऊन लटकली. मी चिडले की म्हणणार, "सूनबाई, चादर धुता येते. न कळलेली कविता जन्मभर तशीच राहते." मी चादर आणायला समोरच्यांकडे गेले.

असा हा शूर माणूस सापाला मात्र इतका भितो की विचारू नका. त्यांचं गाव तळकोकणातलं. तिथे दिवेलागणीनंतर सापाचं नाव घेत नाहीत. लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात, कारण नाव घेतलं की तो येतो. अण्णा सावधगिरी म्हणून दिवसाही घेत नाहीत. पट्टा कपाटात वेटोळं करून बसतो म्हणून त्यांनी पँट सोडली आणि लेंगा धरला. वॉचमनने गाड्या धुवायचा पाइप पार्किंगमध्ये पसरलेला दिसला, की अण्णा मुकाट्याने मागच्या गेटने बाहेर पडतात. एकदा कोपरीच्या बाजारात त्यांचा जुना विद्यार्थी भेटला. आता नारळ विकतो. मला म्हणाला, "वहिनी, सरांनी सगळ्या कविता करून दाखवलेल्या आम्हाला, ती दिवडीची, पाणसापाची सोडून. ती आली की दर वर्षी सरांच्या पोटात दुखायचं." मी वळून पाहिलं, तर अण्णा केव्हाच पलीकडे लिंबांचा भाव विचारत उभे होते.

आणि गेल्या वर्षी नेमकी तीच कविता मुक्ताच्या तिसरीच्या पुस्तकात आली.

दिवड दिसली, पळू नकोस,
काठी हाती धरू नकोस;
घाबरते ती तुझ्याहून,
वाट दे तू, जाईल निघून.

त्याच सुमारास आमच्या मागच्या नाल्यातून एक साप पार्किंगमध्ये येऊन गेला, आणि मुक्ताने खाली पाय ठेवणंच सोडलं. एवढी घोडी झालेली मुलगी, पण रोज बाबाच्या कडेवरून शाळेच्या बसपर्यंत जायची. कविता तिला वर्गात समजावून सांगायची होती. "आजोबा, तुम्ही करून दाखवा ना," ती म्हणाली. अण्णांना पोटदुखी काढायला सवड मिळाली नाही. त्यांनी लेंग्याची एक नवी नाडी जमिनीवर टाकली, टोक धरून हळूच ओढली, नाडी सळसळली, आणि पुढच्या क्षणी आजोबा-नात दोघंही सोफ्यावर उभे होते. मी नाडी गुंडाळून कपाटात टाकेपर्यंत एकही खाली उतरलं नाही. मला हसू आवरेना. पण त्या दिवशी अण्णा अर्ध्या पोळीवरच थांबले. उठताना म्हणाले, "सूनबाई, माझं हे हिच्यात जायला नको होतं." मग मलाही हसण्यासारखं काही वाटेना.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी खाली आरडाओरडा झाला. पार्किंगच्या कोपऱ्यात पुन्हा साप. कुणीतरी सर्पमित्राला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, "दिवड आहे, बिनविषारी. कुणी हात लावू नका, मी येतोय." पण तो अडकला होता माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये, आणि इकडे सोसायटीच्या सेक्रेटरींनी वायपरचा दांडा उपसला होता. आम्ही जिन्यात उभे. मुक्ता माझ्यामागून डोकावून म्हणाली, "आजोबा, ही कवितेतलीच ना? मग मारतायत का तिला?"

अण्णांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, लेंगा सावरला आणि ते खाली उतरले. थेट दांड्यासमोर जाऊन उभे राहिले, दिवडीकडे पाठ करून, डोळे घट्ट मिटून.

"सर, बाजूला व्हा ना, प्लीज," सेक्रेटरी म्हणाले. "चावेल ती."

"आधी काठी खाली ठेवा," अण्णा वर्गातल्या आवाजात म्हणाले. "दिवड दिसली, पळू नकोस. कोण पळतंय? मी पळत नाहीये. काठी हाती धरू नकोस. पुढची ओळ?"

सेक्रेटरींनी दांडा टेकवला आणि ओशाळून म्हणाले, "घाबरते ती तुझ्याहून." त्यांचा मुलगाही तिसरीतच होता.

"खोटं आहे हे," अण्णा म्हणाले. "माझ्याहून जास्त घाबरणं कुणाला शक्य नाही. पण ती लहान आहे आणि आपण एवढे सगळे आहोत, म्हणून वाट आपण द्यायची. कळलं का?" आणि मिटल्या डोळ्यांनी त्यांनी कविता पहिल्यापासून पुन्हा सुरू केली.

मुक्ता माझा हात सोडून खाली गेली. मी हाक मारेपर्यंत पार्किंग ओलांडून तिने आजोबांचं बोट धरलंही होतं. "आजोबा, उघडा डोळे. गेली ती गटारात. मी बघितलं तिला जाताना. छान होती."

"मी नाही बघितलं," अण्णा म्हणाले आणि तिथेच खाली बसले.

दोघांपैकी एकाची भीती गेली. अण्णांची या वयात जाणार नाही, आणि हल्ली ते थकलेही आहेत. मागच्या गेटचा लांबचा रस्ता त्यांना झेपत नाही. संध्याकाळी मुक्ता त्यांना फिरायला नेते ती पार्किंगमधूनच. पाइप पसरलेला असला तर ती लांबड्याचं नावही घेत नाही. नुसती बाजू बदलते, आणि पाइप व आजोबा यांच्या मधून चालत राहते.