महालिंगप्पाच्या फळ्यावरचं महायुद्ध

आमच्या गावात दुसरं महायुद्ध सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालं, महालिंगप्पाच्या पिठाच्या गिरणीत. ते जगात एकदा होऊन गेलंय हे आम्ही ऐकून होतो. पण उमरग्यापासून दोन कोस आत असलेल्या गावापर्यंत त्याची झळ काही आली नसणार, असं आम्ही धरून चाललो होतो.

महालिंगप्पाला रद्दीत एक जाडजूड पुस्तक सापडलं, युद्धाची रोजची हकिगत असलेलं. या गड्याला एखादी गोष्ट लागली की लागली. त्यानं गिरणीच्या दाराशी फळा टांगला आणि बरोबर ऐंशी वर्षं मागं राहून रोज सकाळी लिहायला लागला. आज पोलंडवर हल्ला. आज वॉर्सा पडलं. शेजारी माझं वह्या-पेनांचं दुकान, त्यामुळं खडू माझे.

एक दिवस चुकवला नाही पठ्ठ्यानं. लॉकडाऊनमध्ये सगळं बंद झालं, जर्मनी तेवढी पुढं सरकत राहिली. थोरल्या लेकीच्या अक्षता पडायची वेळ झाली, तर नवरीचा बाप गिरणीत. क्रीट बेटावर हवाई छत्र्या उतरवत होता. त्याची बायको प्रेमाबाई त्याला मांडवात घेऊन आली तेव्हा त्याच्या नव्या सदऱ्यावर खडूच खडू.

गावाला चटक लागली. दळणाच्या रांगेतल्या बाया "स्टालिनग्राड पडलं का?" असं विचारून मगच डबा खाली ठेवायच्या. सिदूनं तर कहर केला. जपाननं रंगून घेतल्याचं त्यानं फळ्यावर वाचलं आणि घरची तूर विकायची थांबवली.

"ब्रह्मदेशातून तूर येती न्हवं? आता कशी येईल? भाव चढंल बघा," तो मला म्हणाला.

"सिदू, ते ऐंशी वर्षांपूर्वीचं हाय," मी म्हणालो.

"मग आधी सांगायचं," म्हणून तो माझ्यावरच चिडला.

या सगळ्यात एकीलाच फक्त इटलीचं पडलं होतं. रुद्रम्मा अज्जी. वय पंच्याऐंशी, वाचता येत नाही. रोज काठी टेकत यायची आणि विचारायची, "इटलीत काय झालं रं?"

तिचा बाप शिवप्पा सोलापुरात पलटणीत भरती झाला, तेव्हा ती दोन वर्षांची. इटलीत गेला, एवढं पत्र आलं. मग बेपत्ता असल्याचा कागद आला, आणि पुढं काहीच नाही. तिच्या आईनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. त्यामुळं घरात दुखवटा नाही, भेटायला कुणी येणं नाही, वर्षश्राद्धाचा एक दिवस नाही. जिवंत म्हणावं तर माणूस नाही, मेला म्हणावं तर तारीख नाही. अज्जीला तेवढी तारीख पाहिजे होती.

ती तारीख महालिंगप्पाकडं दोन वर्षांपासून होती. त्याच्या पुतण्यानं, श्रीशैलनं, युद्धात मेलेल्यांच्या यादीत नाव, गाव आणि बापाचं नाव जुळवून शोधून काढली होती. १० एप्रिल १९४५. हे महालिंगप्पानं मला सांगितलं २०२५ च्या ९ एप्रिलला, खडू न्यायला आला तेव्हा. तोंड पार उतरलेलं.

"दोन वर्षं गप का बसलाव?" मी विचारलं.

"फळ्यावर अजून जित्ता होता की," तो म्हणाला. "म्हातारी रोज येती, तिला काय सांगू?"

"उद्या गिरणी बंद ठेव. अज्जीला काय कळतंय."

मी हे बोललो, आणि मला त्याची आजही लाज वाटते. महालिंगप्पा खडू न घेताच गेला.

दुसऱ्या दिवशी फळा कोरा. तो समोर उभा, आणि अज्जी आली.

"इटलीत काय झालं?"

"पाऊस हाय अज्जी. लई चिखल. सगळे तंबूत बसल्यात."

अज्जीनं काठी जमिनीवर आपटली. "तुला सांगायचं नसलं की तू पाऊस पाडतूस. दोन वर्षं बघूलालेय म्या. कधी गेले माझे अप्पा?"

महालिंगप्पानं कोऱ्या फळ्याकडं बघितलं. म्हणाला, "आज."

ती गिरणीच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "लिही. नावासकट."

मी दुकानातून खडू आणून दिला. त्यानं लिहिलं: १० एप्रिल १९४५. इटली, सेनिओ नदी. आपल्या गावचे शिवप्पा लढताना गेले. वय सव्वीस. मग अज्जीला दोनदा वाचून दाखवलं. गिरणीचा पट्टा काढून ठेवला आणि दार ओढून घेतलं.

दळणाला आलेले लोक फळा वाचून डबे घेऊन परतले. मला वाटलं, झालं, संपलं. पण बारा वाजता दुकानासमोरून एकेक बाई जायला लागली, प्रत्येकीच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. मयताच्या घरी चूल पेटत नाही; शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पिठलं-भाकरी न्यायची असते. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. माणूस गेल्याचं सकाळी कळलं, दुपारी भाकरी निघाली, एवढंच.

मीही अज्जीच्या घरी गेलो. अंगण भरलं होतं. पुरुष भिंतीकडेनं बसलेले. सिदूनं टोपी काढून हातात घेतली होती. तो अज्जीपुढं बसला आणि म्हणाला, "अज्जी, सकाळी कळलं. लई वाईट झालं."

हसू यायला हवं होतं, पण कुणालाच आलं नाही. ऐंशी वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा बोललं गेलं होतं.

रुद्रम्मानं सगळ्यांकडं एकदा बघितलं. "आमच्या आईकडं कुणीच आलं न्हवतं रं," ती म्हणाली, आणि अप्पा, अप्पा म्हणत रडायला लागली. कुणी तिला गप्प केलं नाही. बऱ्याच वेळानं प्रेमाबाईनं पिठल्यात भाकरी बुडवून घास तिच्या तोंडाशी धरला, आणि तिनं तो खाल्ला.