एका आईचे अकरा फुलकिडे

विश्रांतवाडीतल्या आमच्या शेजारीण अख्तरबानू एका प्रयोगशाळेत मदतनीस होत्या. अठ्ठ्याण्णव साली सगळी मुलं संगणकाच्या क्लासला धावत होती, तेव्हा या बाई वाळक्या फांद्यांवरची बुरशी खाणारे फुलकिडे न्याहाळत. त्यांतले काही नर दांडग्या हातांचे, काही अगदी किरकोळ. प्रयोगशाळेच्या साहेबांनी किरकोळांची वेगळी प्रजाती ठरवून, नवं नाव देऊन लेखही टाइप करून ठेवला.

"साहेब, हे एकच आहेत. महिनाभर थांबा."

"वा! आता वर्गीकरणही आपणच करणार?"

"एका पोटची पोरं ओळखते मी. चुकले तर नोकरी सोडते."

त्यांनी नराशी कधीच गाठ न पडलेली एक मादी बाटलीत एकटी ठेवली. अशा मादीच्या अंड्यांतून फक्त मुलगे जन्मतात. त्यांना बाप लागतच नाही!

महिन्याने त्यांनी मलाही बोलावलं. सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर पंखांना रेशमी झालर लावलेले अकरा भाऊ! चार मल्ल, सात काडीपहिलवान. उभा जन्म रंगमंचावर बोलण्यात गेलेला मी, तिथेच टाळ्या वाजवू लागलो.

साहेबांनी दोनदा मोजलं. लेखातलं नवं नाव खोडलं. मग हळूच म्हणाले, "बाई, आपलं पूर्ण नाव सांगा. लेखावर माझ्याशेजारी घालायचंय."