भावजींचं कोपर

माझे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, नळदुरुस्ती करत. चाळीस वर्षं लोकांच्या मोऱ्यांत वाकून त्यांच्या पाठीला बाक आला आणि स्वभावाला संशय. वाहत्या पाण्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पाइपाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, ''कुठंतरी पाणी मुरतंय.'' निम्म्या वेळा काही मुरत नसे. आम्ही घरातले त्यांना पाठीमागे शंकासूर म्हणत असू. ताई तोंडावर म्हणायची.

या माणसाने फक्त एका पाण्याला हो म्हटलेलं मला माहीत आहे. मधुमेहानं ताईच्या पायांची जाणीव गेली होती. टाच फुटली तरी तिला रक्त दिसल्यावर कळायचं. रोज सकाळी ती टबात पाय धुवायची, तेव्हा आधी भावजी टबात कोपर घालत. ''बघितलं?'' ती विचारायची. ''घाल,'' ते म्हणायचे. मगच तिचे पाय पाण्यात जात.

डोंगरातल्या गरम पाण्याच्या कुंडात एकदा बसायचं, हा ताईचा जुना हट्ट. शेवटी गाडी मी काढली. वाटेत धबधबा लागला. एवढ्या उंचावरून पडणारा पांढराशुभ्र धबधबा, ताई गाडीतून उतरून गालांवर तुषार घेत उभी राहिली आणि आमच्या भावजींनी चहावाल्याला विचारलं, ''हा बंद किती वाजता करतात?'' चहावाला माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे बघितलं.

कुंडावर तर कहरच. दगडी पायऱ्या, वर हलकी वाफ. भावजींनी कोपर घातलं, पाणी अगदी सोसेल इतकं. ताईला त्यांनी पाय घालू दिले, पण त्यांच्या कपाळाला आठी पडली. दुपारी बघितलं, तेवढंच. संध्याकाळी बघितलं, तेवढंच.

''माझा गिझर इतका इमानदार नाही,'' खोलीवर आल्यावर ते मला म्हणाले. ''जमिनीतनं येणाऱ्या पाण्याला आपल्या अंगाचं माप कुणी दिलं? मागे बॉयलर आहे.''

''असू दे की! ताई खूश आहे ना?''

''तिला फसवतायत, आणि मी बघत बसू?''

खरं सांगतो, मलाही थोडी मजा वाटायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर गेलो. कुंडावर आम्ही तिघंच. कोपर, ''बघितलं?'', ''घाल'', सगळं रीतसर झालं. ताई पाय सोडून बसली आणि भावजींनी मला कोपराने ढोसलं. कुंडामागच्या झुडपांत त्यांना हवं ते सापडलं. पोत्यात गुंडाळलेला पाइप, त्यावर लाल मुठीचा व्हॉल्व्ह.

''लाल मूठ म्हणजे गरम. आणि वर पोतं गुंडाळलंय, ऊब राहायला.'' स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून त्यांनी डोळे मिटले. ''वाहतंय. आता बघ, पंधरा मिनिटांत कुंड गार पडतं की नाही.''

व्हॉल्व्ह बंद केला. पोतं बाजूला सारून पाइपाला हात लावायचं मात्र त्यांना सुचलं नाही, आणि मी तर निव्वळ घड्याळ बघत उभा. दहा मिनिटं झाली. बारा. तेवढ्यात खालून रखवालदार ओरडत आला, ''धबधब्याचं पाणी कुणी बंद केलं? कुंडात उकळता झरा आहे, त्यात हे गार मिसळावं लागतं!''

पोतं थंडीत पाइप फुटू नये म्हणून होतं. आणि मूठ लाल, कारण रखवालदाराकडे तोच रंग उरलेला होता.

भावजींना इतक्या जोरात पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. कुंडावर वाफ दाटली होती आणि तिच्यात ताई निवांत बसली होती, पाय पाण्यातच. भावजींनी तिला काखेत धरून मागे ओढलं. पाय घोट्याच्या वरपर्यंत लालभडक झाले होते, डाव्या टाचेवर कातडी सुटायला लागली होती. ती कधी त्यांच्याकडे बघे, कधी पायांकडे.

''अहो, वाफ वाढली तेव्हा मला शंका आली होती,'' ती म्हणाली. ''पण म्हटलं, तुम्ही कोपर घातलं होतं ना.''

भावजी तिथेच ओल्या पायरीवर बसले. ओक्साबोक्शी रडले. मला स्वतःला दोन थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

टाच भरायला अडीच महिने लागले. रोजचं ड्रेसिंग भावजींनीच केलं. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडून 'पाणी मुरतंय' ऐकलं नाही. परवा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर मोरीत टब भरलेला. ''बघितलं?'' ताईने नेहमीसारखंच विचारलं. भावजींनी नुसती मान डोलावली. तिने पाय घातले. ते शेजारी पाटावर बसून होते, बाही दुमडलेली. पाय धुऊन होईपर्यंत त्यांनी कोपर पाण्यातून काढलं नाही.