झालरीमागचं प्राणिशास्त्र

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. बघा, आत्ताच हसायला लागलात! राहू द्या. या गोष्टीवर आमचं अख्खं गाव हसून झालंय, तुम्ही चौघी हसल्यानं आणखी काय बिघडणार आहे?

लग्नाला तीन महिने झाले होते. माहेर अंबडचं. सासर कुंभार पिंपळगावच्या अलीकडचं एक गाव, मोसंबीच्या बागांत लपलेलं. मी मुळातच कमी बोलणारी. सासरी आल्यावर तर दिवसाला दहा-बारा शब्दांत भागायचं. ‘हो’, ‘आले’, ‘वाढू का’, बस्स. आता कमी बोलणाऱ्या माणसाचा एक धोका असतो, तो आधी कुणी सांगत नाही. तो काही बोलला, की लोकांना ते खरंच वाटतं!

त्यातून मी बी.एस्सी. विषय प्राणिशास्त्र. माझे सासरे, म्हणजे मामा, आल्या-गेल्या पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, की आमच्या सूनबाईनं बेडकं फाडलीत. पाहुणे माझ्याकडे आदरानं बघायचे आणि मी दिलेला चहा जरा जपून प्यायचे.

मामा माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर उभी असले तरी सगळं आत्याबाईंमार्फत, म्हणजे सासूबाईंमार्फत. ते म्हणायचे, “त्यायला म्हणा, साखर जास्त झाली.” आत्याबाई माझ्याकडे वळून तेच सांगायच्या. ‘उद्यापासून कमी घालते’ हे मी आत्याबाईंना सांगायचे, त्या मामांना. एक कप चहा आणि तीन माणसं कामाला!

त्या घरात माझी म्हणून दर्शनी अशी एकच वस्तू होती. रुखवतातलं टीव्हीचं कव्हर. पांढऱ्या दोऱ्याचं, क्रोशाचं, सहा महिने खपून विणलेलं. पुढे झालर, झालरीत मोर. आत्याबाईंनी ते मोठ्या कौतुकानं टीव्हीवर चढवलं आणि झालर पडद्यावर चांगली चार बोटं उतरली. त्या दिवसापासून आमच्या घरात बातम्या देणाऱ्या बाईला कपाळ राहिलं नाही. क्रिकेटमध्ये उंच मारलेला चेंडू मोरांत जायचा. पुढे षटकार झाला की झेल, ते खाली कोण नाचतंय यावरून ओळखायचं. पण नव्या सुनेच्या रुखवताला हात कोण लावणार? मामा मान वाकडी करून बघायचे, वाकून बघायचे, पण झालर वर करा असं कधी म्हणाले नाहीत. किती चांगली माणसं! तिथंच घात झाला.

मे महिना होता. विहिरीनं तळ गाठलेला, मोसंबीची सुपारीएवढी फळं गळायला लागलेली. विहिरीतला गाळ काढला तरच खालचे झरे मोकळे होणार आणि बाग वाचणार. म्हणून विहिरीवर यारी बसवली होती. यारी म्हणजे गाळाच्या बादल्या वर ओढायचं यंत्र. सोपान मुकादम आणि त्याची सहा माणसं कामाला लागली.

काम सुरू व्हायच्या आधी आत्याबाईंनी विहिरीच्या काठावर सात खडे मांडले. साती आसरांचे. पाण्यात राहणाऱ्या या सात बायांना नारळ, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्या दिल्याशिवाय आमच्याकडे कुणी विहिरीत पाय घालत नाही. आत्याबाईंनी मला नमस्कार कर म्हटलं. मी केला. तेवढ्यावर थांबायला हवं होतं की नाही? पण माझं शिक्षण आडवं आलं. हळूच म्हटलं, “आत्याबाई, पाण्यात असं काही राहत नसतं. फार तर बेडूक.”

आत्याबाई काही बोलल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत काहीच बोलल्या नाहीत. म्हणजे त्या दिवशी मामांना चहासुद्धा मुक्यानं प्यावा लागला.

आणि मग आला तो मंगळवार.

गावात केबल नवीनच आली होती. संध्याकाळी एका हिंदी वाहिनीवर कार्यक्रम लागला. मी स्वयंपाकघराच्या दारात, हाताला कणीक. सुनेची टीव्ही बघायची जागा तीच. पडद्यावर समुद्र, काळोखी गुहा आणि एक दाढीवाला शास्त्रज्ञ. आवाज खाली आणून तो म्हणाला, की आम्हाला पाण्यात राहणारा माणूस सापडला आहे!

मी एक पाऊल पुढे आले.

त्यांनी हाडं दाखवली. हाडांचा एक्स-रे दाखवला. बोटांमध्ये बदकासारखा पडदा असलेला हात दाखवला. पाण्याखाली ध्वनिमुद्रित केलेलं त्याचं रडणं ऐकवलं. माझ्या अंगावर काटा! तरी मी सावध होते हो, एकदम विश्वास ठेवणारी मी नव्हे. पण मग त्या दाढीवाल्यानं त्या प्राण्याचं लॅटिन नाव सांगितलं. दोन शब्दांचं, बरोबर नियमानुसार. झालं! प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला लॅटिन नाव सांगितलं की त्याच्याकडून काहीही कबूल करून घेता येतं.

मामा आत्याबाईंना म्हणाले, “त्यायला विचारा, खरंय का हे?”

आणि तीन महिने दहा शब्दांवर जगलेली मी बोलायला लागले. मध्ये आत्याबाई आहेत हेच विसरले. देवमाशाचे पूर्वज जमिनीवर राहायचे हे सांगितलं. कल्ले आणि फुप्फुसं यांतला फरक सांगितला. कणकेचा हात हवेत फिरवत दहा मिनिटं बोलले. हाताची कणीक वाळून तिचे पोपडे झाले. मामा टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होते, आणि तेही मान सरळ ठेवून! त्या भरात शेवटी मी म्हणाले, “जुन्या, खोल पाण्यात असं काही असणं अशक्य नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते अजून विसरू दिलेलं नाही.

“मंग मी काय म्हणत होते?” एवढंच म्हणून आत्याबाई भाकरी थापायला गेल्या. त्या रात्री मला त्यांनी भाकरीवर लोण्याचा मोठा गोळा वाढला.

दुसऱ्या दिवशी मामांनी फाट्यावरच्या हॉटेलात चहा पिता पिता ही बातमी सांगितली. दुपारपर्यंत गावभर झालं, की पाण्यात माणूस राहतो असं बी.एस्सी. झालेली सून सांगून राह्यली. संध्याकाळपर्यंत मी तसा एक कॉलेजात फाडलेला होता. पाण्याला आलेल्या बायका मला विचारायच्या, आतून कसा असतो हो? मी नुसती हसायचे. आता हसणं म्हणजे होकार, हे काय मला माहीत नव्हतं? माहीत होतं! पण तीन महिन्यांत पहिल्यांदा मला कुणी भाजीत मीठ किती घातलंस याखेरीज काही विचारत होतं.

गुरुवारी विहिरीत एका माणसाच्या पायाला गाळात काहीतरी लागलं. मऊ, गार, आणि हलणारं. एरवी त्यानं ते लाथेनं सारून काम केलं असतं. त्या दिवशी तो बादलीत बसून सरळ वर आला. त्याच्यामागून बाकीचेही आले आणि सगळे लिंबाखाली जाऊन बसले.

मामांनी परोपरीनं सांगून बघितलं. आमचे हेही गेले. आसरांना हवं तर पुन्हा नारळ देऊ म्हणाले. त्यावर सोपान मुकादमानं जे उत्तर दिलं ते ह्यांनी मला घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

“आसराचं आमाला बिलकुल भ्याव न्हाई. तिला नारळ दिला, बांगड्या दिल्या, की ती तिच्या जागी आन् आमी आमच्या जागी. आमचं तिचं जुनं हाये. पण हे टीव्हीतलं आमच्या वळखीचं न्हाई. ह्याला काय चढवायचं ते सूनबाईनं सांगावं, मंग उतरतो.”

आता मला सांगा, याचं उत्तर कुठल्या पुस्तकात असतं? लॅटिन नाव ठाऊक होतं, पण त्याला नारळ चालतो का हे त्या दाढीवाल्यानं सांगितलंच नव्हतं!

सोमवारी त्या माणसांना केदारखेड्याला दुसऱ्या विहिरीवर जायचं होतं. ती गेली की पावसाळ्यापर्यंत दुसरं कुणी मिळणार नव्हतं. तिकडे बागेत सकाळी झाडांखाली हिरव्या फळांचा सडा. मामा ती उचलून घरी आणत नसत, खिशात एखादं ठेवत. जेवताना ते काढून ताटाशेजारी ठेवायचे.

तोच कार्यक्रम रविवारी सकाळी पुन्हा लागणार होता. मामांनी ठरवलं, सगळ्यांनी मिळून बघायचा. ते काय खातं, कशाला भितं, ते नीट बघून घेऊ आणि तेवढा बंदोबस्त करून माणसं खाली सोडू. आणि ऐका, टीव्हीशेजारी एक खुर्ची मांडली गेली. माझ्यासाठी! समजावून सांगायला. मामांच्या समोर मी खुर्चीवर! पदर डोक्यावरून घेऊन अशी ताठ बसले, की मी प्राध्यापिका आणि समोर वर्ग. वर्ग मोठाच होता. सोपान मुकादम आणि त्याची माणसं पडद्याच्या अगदी पुढ्यात जमिनीवर, मामा पलंगावर, बायका दारात, हे खिडकीत.

समुद्र आला, गुहा आली, दाढीवाला आला. मी मधून मधून एखादा शब्द टाकत होते. माणसं माना डोलवत होती. सोपान मात्र डोलवत नव्हता. तो मान वर करून कुठंतरी तिसरीकडेच बघत होता. अगदी पडद्याखाली बसल्यामुळे त्याला झालरीच्या आतलं दिसत होतं.

“सूनबाई,” तो म्हणाला, “ह्या मोरांच्या मागं कायतरी लिव्हलंय. मघापासून हाये ते.”

वाहिनीचं नाव असेल म्हणून आत्याबाईंनी ते उडवून लावलं. सोपान म्हणाला, नाव एवढं लांब नसतं. मामा पलंगावरून खाली उतरले आणि सोपानच्या शेजारी बसून वर बघायला लागले, पण त्यांचा चष्मा देवघरात होता. झालर वर करायला तरीही कुणी पुढं होईना. माझं रुखवत ना ते!

शेवटी मीच उठले. दोन बोटांनी झालर वर केली.

दाढीवाल्याला पहिल्यांदाच पूर्ण कपाळ मिळालं. आणि त्या कपाळाच्या वर, पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारीक पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं. मंगळवारीही लिहिलेलं असणार. अथपासून इतिपर्यंत.

“त्यायला म्हणा, वाचा,” मामा म्हणाले.

खरं सांगते, एक क्षण मनात आलं की झालर सोडून द्यावी. पुढ्यातल्या माणसांना वाचता येत नव्हतं, मामांना चष्मा नव्हता आणि बाकीच्यांना ती बारीक अक्षरं लांबून लागत नव्हती. वाहिनीचं नावच आहे म्हटलं असतं तर ती खुर्ची माझी होती, बायकांचे प्रश्न माझे होते. पण मामांच्या खिशातून ते सुपारीएवढं फळ वर आलेलं दिसलं.

वाचलं. “यह कथा काल्पनिक है. इसके सभी प्राणी और वैज्ञानिक काल्पनिक हैं.”

प्राणी तर प्राणी, शास्त्रज्ञसुद्धा! पडद्यावर तो पाण्यातला माणूस नेमका तेव्हाच रडत होता, आणि खोलीत त्याला साथ द्यावी असं फक्त मला वाटत होतं.

सोपाननं विचार केला. मग विचारलं, “म्हंजे खाली आपली आसराच हाये ना?”

“आसराच,” आत्याबाई म्हणाल्या.

“मंग चला रे, उठा. जल्दी करा.” आणि सातही माणसं उठून विहिरीकडे चालू लागली. केदारखेड्याला दोन दिवस उशिरा जाऊ, सोपान म्हणाला.

आत्याबाई मला रागावल्या नाहीत. नारळ, हळदकुंकू आणि हिरव्या बांगड्यांचं ताट तेवढं त्यांनी माझ्या हातात दिलं. मी मुकाट्यानं काठावर जाऊन साती आसरांपुढे नारळ फोडला आणि मनातल्या मनात क्षमा मागितली. दोघांचीही. त्यांची, आणि माझ्या कॉलेजातल्या सरांची.

तेवढ्यात खालून हाक आली, की ते पायाला लागलेलं घावलं! यारी कुरकुरत बादली वर घेऊन आली. सगळं गाव बादलीभोवती, आणि सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. अपमान धुऊन काढायची संधी! मी पुढे होऊन आत्मविश्वासानं बादलीत वाकले. गाळात हातभर लांब, काळं, बुळबुळीत काहीतरी वळवळलं आणि वर उसळलं.

“साप!” मी किंचाळले आणि ताट, पदर, प्राणिशास्त्र सगळं टाकून आत्याबाईंच्या मागे जाऊन उभी राहिले.

सोपाननं शांतपणे ते बोटांत धरून वर उचललं. वाम होती. मासा! आमच्या परीक्षेला मी त्याचं चित्र काढलं होतं, सगळी नावं देऊन, पैकीच्या पैकी मिळवले होते.

लोक हसले ते किती, विचारू नका. पण मामा हसले नाहीत. त्यांनी आत्याबाईंना बाजूला केलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच थेट माझ्याकडे बघून, थेट माझ्याशी बोलले.

“सूनबाई,” ते म्हणाले, “आधी झालर वर करून पाहत जा.”