माळकऱ्याचा गळ

मला नसत्या चौकशा फार. लग्न होऊन उदगीरजवळच्या या गावात आले, तेव्हा पहिली चौकशी सुरू झाली ती सासऱ्यांची. मामा माळकरी. मटण-मासा बंद. तरी दर रविवारी सकाळी बांबूची काठी अन् गळ घेऊन तलावावर जायचे आणि दुपारी रिकाम्या हाताने परत यायचे. गळ टाकणारा माणूस दर वेळी रिकामाच कसा येतो?

आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, वेगळाच संशय होता. मामा आले की पाणी द्यायच्या निमित्ताने त्या हळूच त्यांच्या शर्टाचा वास घ्यायच्या. तिकडेच भाजून खात असतील तर? मला हसू यायचं, पण त्यांना खरीच भीती वाटायची. मामांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा लातूरच्या दवाखान्यात त्या नवस बोलल्या होत्या, हे उठून बसले तर यांच्या गळ्यात माळ घालीन. मामा उठले, गळ्यात माळ आली. आता माळ बाटली तर देव दिलेलं परत घेईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

"तू जा की संगं," एका रविवारी त्या मला म्हणाल्या. "काय करायलेत बघून ये." मला तेवढंच हवं होतं.

ओढा तलावाला मिळतो तिथे एका बाभळीखाली मामांची जागा होती. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी. दोरीला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधून पाण्यावर सोडलेला. तो बुडाला की झटका द्यायचा. थोड्या वेळाने एक रोहू लागला. मामांनी तो ओल्या हाताने धरला, अलगद गळ काढला, दोन्ही अंगांनी न्याहाळला आणि दिला सोडून! मी गळ हातात घेऊन पाहिला. टोकाजवळचा उलटा दात पकडीने दाबून सपाट केलेला होता, माशाचं तोंड फाटू नये म्हणून.

"मग मामा, धरायचा तरी कशाला?"

"बघाया. पाण्यात काय चाललंय ते कळाया पायजे का न्हाई?" मग गळ्याशी हात नेऊन हसले. "माळ तोंडाला हाय, पोरी. हाताला न्हाई."

मला हे भलतंच पटलं. पाण्यात काय चाललंय हे आता मलाही बघायचं होतं. मी काठी मागून घेतली. किती वेळ काहीच झालं नाही. मग धांडा एकदम बुडाला आणि मी नवलाने बघतच राहिले. झटका द्यायला उशीर झाला. वर आला तो चांगला हातभर रोहू, पण त्याने गळ पार आत गिळलेला. मामांनी बरीच खटपट केली. कल्ल्यांतून रक्त आलं. पाण्यात सोडला तर तो आडवा होऊन तरंगायला लागला. मामांनी गळ्यातली माळ मुठीत घट्ट धरली. ती भीती एकट्या आत्यांची नव्हती, हे मला तेव्हा कळलं आणि फार वाईट वाटलं.

मेलेला मासा घेऊन घरी आलो आणि मी सगळं सांगितलं. मासा मी धरला, मामांनी नाही, हेही दोनदा सांगितलं. आत्यांनी मासा शेजारी देऊन टाकला आणि मामांची माळ तुळशीच्या पाण्याने धुतली. मामांनी काठी चुलीजवळच्या सरपणात टाकली. "घाल जाळाला. आता बंद."

पुढचे रविवार मामा ओट्यावर बसून राहिले. जेवण निम्म्यावर आलं. कुणी हाक मारली तर नुसतं हुं म्हणायचे. आत्या आतबाहेर करताना त्यांच्याकडे बघायच्या, पण शर्टाचा वास घ्यायचं आता काही कारण उरलं नव्हतं. मी गुपचूप सरपण बघायचे. काठी होती तिथेच होती, रोज चूल पेटत असूनही.

मग एका रविवारी आत्यांनी भाकरीआधी कणीक मळली. तिच्या गोळ्या डब्यात भरल्या, सरपणातली काठी ओढून काढली आणि दोन्ही नेऊन मामांच्या पुढ्यात ठेवलं.

मामा काठीकडे बघत राहिले. "आन माळ?"

"देवाला मी बोलले व्हते, मीच बघीन काय ते," आत्या म्हणाल्या. "नुसतं बसवून ठेवाया मागून घेतलं व्हय तुम्हाला?"