घाटात उतरून आलेला प्रसाद

माझी भक्ती रिक्षातली. देऊळ दिसलं की न उतरता हात जोडायचे आणि देव खरंच बघत असेल का, ही शंका पुढच्या सिग्नलपर्यंत बाळगायची. माझी थोरली बहीण, अक्का, याच्या अगदी उलट. साठी जवळ आली तशी तिला शुगर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर ही बाई पळायलाच लागली आणि एकटीला लाज वाटते म्हणून मलाही ओढलं. पंजाबी ड्रेसवर बूट चढवून आम्ही दोघी पडेगावच्या रस्त्यानं धापा टाकत निघालो, की कुणीतरी हमखास विचारायचं, "काकू, बस चुकली का?"

वर्षभरानं अक्कानं ठरवलं, खुलताबादच्या भद्रा मारुतीला पळत जायचं. गर्दी नको म्हणून साधाच शनिवार निवडला. दर्शनाआधी तोंडात काही घालायचं नाही, फोनही बरोबर न्यायचा नाही. मी निघताना साबुदाण्याची खिचडी दाबून खाल्ली. माझा देव समजूतदार आहे. अक्कानं मात्र उपाशीपोटीच शुगरची गोळी घेतली. तोही नियमच. हे दोन नियम मिळून तिच्या जिवावर उठतील, हे आम्हा दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

दौलताबादचा किल्ला मागं पडला, घाट लागला आणि अक्का अडखळली. खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. म्हटलं, आता जरा बसायला मिळेल. मग बघते तर ती घामानं निथळत होती, हात लटलटत होते. माझ्याकडं बघून म्हणाली, "आई, घरी चल ना." आमची आई जाऊन कैक वर्षं झाली होती.

मी तिला कठड्याच्या आत, रस्त्याकडेला बसवलं. शुगर उतरलीय हे कळत होतं, पण जवळ काय, तर रुमाल आणि सेफ्टी पिन. दोन गाड्या हात दाखवूनही न थांबता गेल्या. खाली किल्ल्याजवळची दुकानं अजून उघडायची होती, आणि तिला सोडून जावं तर पलीकडं दरी. ती सारखी उठू बघत होती, मी तिला धरून ठेवत होते. भद्रा मारुती म्हणजे निजलेला मारुती. मी मोठ्यानं ओरडले, "देवा, माझं राहू दे. पण आज उठ रे बाबा!"

तेवढ्यात वळणावरून एक बाई अनवाणी उतरत आली. हातात पिशवी. बघताच तिनं आतला साखरफुटाण्यांचा पुडा काढला. अक्कानं तोंड घट्ट मिटलं. भान हरपलं होतं, पण हट्ट शाबूत. "नाय. दर्शन झाल्याबिगर नाय."

बाई तिच्यापुढं मातीतच बसली. "अगं माय, त्याच्या पायाजवळचाच परसाद हाय ह्यो. तुला यायला उशीर झाला म्हणून त्यानंच धाडला आसंल. त्याला नाय म्हणतीस व्हय?"

अक्कानं तिच्याकडं पाहिलं. आणि तोंड उघडलं.

बाई मूठमूठ भरवत होती, मी अक्काचा हात धरून बसले होते. हळूहळू थरथर थांबली. अक्कानं माझ्याकडं पाहिलं. "रडतीस का गं? मी हाय अजून. नाक पूस."

मी रडता रडता हसले. बाईला विचारलं, परत जाताना तर सगळे बसनं जातात, तुम्ही पायी कशा? म्हणाली, "यष्टीत लई गर्दी. म्हटलं, उतारच हाय, किल्ल्यापस्तोर चालावं." एवढंच. तिनंच वर जाणारी एक जीप थांबवली, आम्हाला चढवलं आणि उताराला लागली. नाव विचारायचं राहिलं.

पळतच पोचायचं म्हणणारी अक्का जीपमध्ये गुमान बसली. देवळात निजलेल्या मारुतीपुढं तिनं काही मागितलं नाही. मलाही सुचलं नाही. नुसती बघत राहिले. मग गावातल्या दवाखान्यात जाऊन आलो.

आम्ही अजून पळतो. गोळीचं आणि खाण्याचं आता डॉक्टर म्हणतील तसं, आणि घाटाच्या पायथ्याशी अक्का थांबते, डोंगराकडं हात जोडते आणि कमरेच्या पिशवीतून साखरफुटाणे काढून आधी खाते. "त्यानं दिलं ते घ्यावं," म्हणते, "आपलं घोडं पुढं दामटू नये." मग मलाही देते. मला शुगर नाही, हे तिला ठाऊक आहे. मी दोन्ही हात पुढं करते.